कोट कोणी बेतला?

अग्रहार, म्हैसूर
१४ सप्टेंबर २०२५

खंडोजीराव यांस,
मनोहररावाचा नमस्कार.

हे पत्र फाडायच्या आधी पुरतं वाच, एवढीच विनंती. आधी 'तुम्ही' घालून एक अख्खा कागद लिहिला होता. वाचून पाहिला आणि मलाच हसू आलं. ज्याला मी कपड्यांसकट तळ्यात ढकललं त्याला आता 'तुम्ही' कसं म्हणू? तेव्हा 'तू'च. तूही मला हवं ते म्हण. बासष्ट वर्षं तू काहीच म्हणाला नाहीस, त्यापेक्षा ते बरं.

मी देवनागरीत लिहितोय. तुमच्या घरी मराठी कन्नड अक्षरांत लिहितात हे माझ्या लक्षात आहे. अडलं तर तुझ्या नातीला, सौम्याला, वाचायला दे. ती आणि माझी नात यशस्विनी एकाच ऑफिसात कामाला आहेत हे मला गेल्या महिन्यात कळलं. पत्ता तिच्याकडूनच घेतला. येलवालला घर बांधलंस म्हणे. म्हणजे हुणसूरच्या बसनं अर्धा तास. एवढ्या जवळ राहून इतकी वर्षं दिसला नाहीस, म्हणजे तू किती मन लावून टाळलं असशील!

आता कामाचं. या दोन्ही पोरींनी एक उद्योग काढलाय. बासष्ट सालचं चीनचं युद्ध ज्यांना आठवतं अशा आपल्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्यांना गाठायचं, समोर फोन ठेवायचा आणि बोलतं करायचं. अकरा जणांचं झालंय. कोणी युद्धनिधीला कानातली कुडी काढून दिली ते सांगतं, कोणाचा भाऊ परत आलाच नाही. एक जण बोलता बोलता रेडिओवरची बातमी जशीच्या तशी म्हणून दाखवतो. पोरींना त्यातली निम्मी मराठी कळत नाही, तरी डोळे पुसत बसतात. मला मोठा अभिमान वाटतो बघ. देश हरला ते पुस्तकात आहे, पण तेव्हा आमची गल्ली कशी उभी राहिली ते कुणी लिहिलंय?

तुलाही ते सगळं माहीत नसणार, म्हणून सांगतो. त्या दिवाळीनंतर मिलची खाकी लोकर आली आणि आमच्या शिंप्यांच्या गल्लीनं एकशे वीस कोट शिवायला घेतले, तेही बिनमजुरीनं. पहिला कोट तुझा. पलटणीतून रजेवर आला होतास, परत बोलावणारी तार आली, आणि स्टेशनवर सगळ्या गल्लीसमोर तुला तो घातला. किती ऐटीत बसला होता! मग नोव्हेंबरच्या मध्याला तुझं पत्र आलं. इथं आत दोन स्वेटर घालावे लागतात, त्यावर कोटाचं बटण लागत नाही, असं तू लिहिलं होतंस. तोवर बाकीचे कोट शिवून मंदिरात रचून ठेवले होते.

मापात चूक झाली होती. म्हैसुरात लोकर कोण घालतो? अंगातल्या पातळ सदऱ्यावरून माप घेतलं गेलं. माझ्या वडिलांनी, म्हणजे आपल्या मास्तरांनी, तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं आणि म्हणाले, "बेतला मी. चूक माझी. आता उसवा." मग सगळे कोट उसवले. काखेत चौबगला घालायचा, म्हणजे चौकोनी तुकडा, की कोट छातीत ढिला होतो. पण लोकर संपलेली. तेव्हा घराघरांतून पांघरायच्या काळ्या कांबळ्या आल्या. खाकी कोट आणि काखेत काळी कांबळी! निम्मं काम झालं आणि युद्ध थांबल्याची बातमी आली. कोणीतरी म्हणालं, आता कशाला? मास्तर म्हणाले, "गोळ्या थांबल्या म्हणून थंडी थांबली का रे? सुया घ्या हातात." नऊ दिवसांत सगळे कोट गेले.

तेवीस नोव्हेंबरला विठ्ठल मंदिराच्या हॉलमध्ये हे सगळं ऐकवणार आहेत. अकराजण आहेत, पण प्रत्यक्ष आघाडीवर उभा राहिलेला एकही नाही. तो फक्त तू आहेस. पोरींना घरी येऊ दे.

माझं म्हणशील तर ठीक आहे. मशीन बंद केली, कात्री अजून रोज पुसतो. म्हैसुरात कुठल्या लग्नात जुना कोट दिसला तर आतला खिसा उलटा करून बघ. पिवळ्या धाग्याचे दोन टाके असतील तर मास्तरांनी बेतलेला, लाल असतील तर मी. लालच जास्त सापडतील.

मनोहर

५ ऑक्टोबर २०२५

खंडोजी,

दसरा झाला, हत्ती परत गेले, तुझं उत्तर नाही. सौम्या सांगते की पत्र मिळालं, तू दोनदा वाचून घेतलंस आणि उशीखाली ठेवलंस. उशीखाली ठेवायला मी काय अंगारा पाठवला होता?

इथं एक भानगड झालीय. भवानीबाई आठवते? काज करायला बसायची, कोणाच्याही कोटाची काजं तिच्याशिवाय होत नसत. एक्क्याण्णव वर्षांची झाली, दात नाहीत पण जीभ आहे. पोरींनी तिला रेकॉर्ड केलं. यशस्विनी मला ऐकवायला घेऊन आली, मीही हौसेनं ऐकायला बसलो. म्हातारी सांगतेय, "पहिला कोट बेतला तवा मास्तर इथं कुठं होते गं? ते सोसलेला गेलेले की! सोसले गावच्या मठात, मंडपाचं छत शिवायला. चार दिस तिथंच होते. आले तवा समदं कापून झालेलं."

यशस्विनीनं फोन थांबवला आणि माझ्याकडे वळली.

"अज्जा, तू तर सांगितलास, पणजोबांनी बेतला म्हणून. ते सोसलेला होते तर मग कोणी बेतला?"

मी म्हटलं, "अय्यो, म्हातारीला काय आठवतंय? तेवढं काढून टाक."

"तसं काढायला होत नाही अज्जा. तिचं तिनं सांगितलंय."

"मग माझं काय खोटं हाय?"

"मी तसं म्हटलं का? दोन्ही लावणार. ऐकणारे ऐकू देत." एवढं बोलून ती कॉफी करायला आत गेली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती माझ्याशी बोलत होती, हे जास्त लागलं.

आता तूच बघ. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, सगळ्या समाजासमोर, मी एक सांगणार आणि भवानीबाई दुसरं. लोक काय म्हणतील? तू रेकॉर्ड कर आणि त्यात एक वाक्य घाल, की कोट मास्तरांनी बेतला. बास. ज्याच्या अंगात तो कोट होता त्याच्या शब्दापुढं म्हातारीचं कोण ऐकणार? जुन्या ओळखीखातर एवढं कर.

मनोहर

१९ ऑक्टोबर २०२५

खंडोजी,

तुझं कार्ड मिळालं. कन्नड अक्षरं, थरथरलेली, आणि एकच ओळ: 'कोट कोणी बेतला?'

खाली सही नाही, खुशाली नाही. पण मला सहीची गरजच नव्हती. हाच प्रश्न तू त्रेसष्टच्या फेब्रुवारीत आमच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून विचारला होतास. दवाखान्यातून सुटून आला होतास, छातीत थंडी बसलेली, दर दोन शब्दांनी खोकत होतास. कोट काढून फळीवर टाकलास आणि विचारलंस. मास्तर उठून उभे राहिले. "मी बेतला रे बाबा. माझ्याच हातनं चुकलं." तू त्यांच्याकडे बघितलंच नाहीस. माझ्याकडे बघत होतास. आणि मी मशीन चालवत होतो. तुला ठाऊक नसेल, सुईत धागा नव्हता. रिकामी मशीन चालवत होतो. तू कोट उचललास आणि गेलास.

कार्ड आल्यापासून चार दिवस जेवण गोड लागलेलं नाही. उद्या दिवाळी आहे. लिहूनच टाकतो.

मी बेतला. भवानीबाईची आठवण पक्की आहे. मास्तर सोसलेला निघाले तेव्हा बजावून गेले होते, "मी येईपर्यंत लोकरीला कात्री लावू नकोस. हे कापड आपल्या हातचं नव्हे." मी वीस वर्षांचा, नुकतीच कात्री हातात आलेली, आणि मला वाटायचं, मास्तरांचं आता वय झालं. त्यात तुझी गाडी मंगळवारी. मला तुला कोट घालूनच पाठवायचं होतं. दुसऱ्या कोणाच्या हातचा नव्हे, माझ्या. तुझं माप तर मला तोंडपाठ. पातळ सदऱ्यावरचं. अंगाला कसा घट्ट बसला पाहिजे, हेच डोक्यात. पुठ्ठ्याचा फर्मा केला, तुझा कोट झाला, स्टेशनवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला चढली. त्याच फर्म्यावर थर लावून तीन दिवसांत बाकीचे एकशे एकोणीस कापले. मास्तर परत आले तेव्हा कापायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी एक बाही हातात घेतली, काखेत दोन बोटं घालून बघितली आणि काही बोलले नाहीत. मला वाटलं, पसंत पडलं.

तुझं पत्र त्यांनी मंदिरात वाचलं तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. 'मी बेतला' म्हणायला एक श्वास लागतो. तेवढ्यात ते बोलून गेले. मग वाटलं, आज नको, उद्या सांगू. पण पुढं लोक काय म्हणायला लागले ते तू ऐकलं नसशील. मास्तरांची नजर गेली, म्हणत. लग्नाचे कोट त्यांच्याकडे कोणी टाकेना. त्यांनी 'पोराकडे द्या' म्हणावं आणि लोकांनी माझ्याकडे यावं, असं चालायचं. नंतर त्यांनी कात्री धरलीच नाही. एकाहत्तरला गेले. आठ वर्षं मला रोज एक श्वास मिळत होता, खंडोजी, आणि मी तो रोज गिळला. म्हैसुरातला नंबर एकचा कटर म्हणून माझं नाव झालं, ते त्यांचं नाव घालवून. मला त्याची लाज वाटते. बायकोलाही कधी सांगितलं नाही.

तू मला कोटासाठी माफ करावंस असं मागत नाही. तुझ्या छातीतला खोकला मी शिवलेला नाही, एवढं मला कळतं. पण तू विचारलंस, म्हणून सांगितलं.

मनोहर

१६ नोव्हेंबर २०२५

खंडोजी,

तुझ्याकडून काही नाही. असो. सौम्यालाही विचारत नाही आता, ती मला बघितलं की विषय बदलते.

यशस्विनीला सांगितलं, माझं रेकॉर्डिंग लावू नको. तिचा चेहरा पडला. मग म्हटलं, मी हॉलमध्ये उभा राहून तोंडानं बोलणार. "काय बोलणार अज्जा?" तेव्हाच ऐक, म्हटलं. आधी तिला सांगितलं तर तिथं तिचे डोळे बघून मी बदलेन, मला माझी खात्री नाही. आठ दिवस आहेत. काळा कोट काढून ठेवलाय. लाल टाक्यांचा. तो घालायचा की नाही ते अजून ठरत नाही.

म

२४ नोव्हेंबर २०२५

खंडोजी,

काल तू हॉलमध्ये नव्हतास, म्हणून तुझं तुलाच सांगतो. पोरी म्हणाल्या, आजोबांना गुडघ्यांमुळं आणता आलं नाही. त्या आणखी काय काय लपवत होत्या ते मला काल कळलं.

हॉल भरला होता. दारात उभे होते लोक. आपले म्हातारे पहिल्या रांगेत, एकेकाचा आवाज लागला की त्याची पोरंबाळं मागं वळून सगळ्यांकडे बघत. तुला सांगतो, छाती फुगत होती. आपली ती खिचडी मराठी, निम्मी कन्नड, जिला पुण्याचे पाहुणे हसतात, ती त्या मोठ्या स्पीकरमधून अशी घुमत होती की कोणी हूं की चूं केलं नाही. भवानीबाईचं झालं. "ते सोसलेला गेलेले की!" एवढं झालं आणि यशस्विनीनं माझं नाव घेतलं.

सदराच घालून गेलो होतो. कोट घरीच ठेवला. उभा राहिलो आणि तुला लिहिलं तेच सांगितलं. फर्मा, टाळ्या, एकशे एकोणीस, रिकामी मशीन, सगळं. आवाज कापला नाही. शेवटी म्हणालो, "विठ्ठलराव मास्तरांची नजर कधीच गेली नव्हती. म्हैसुरात त्यांच्यासारखा कटर झाला नाही. त्यांनी बासष्ट साली एकही कोट चुकीचा बेतला नाही. ते सगळे मी बेतले. हे त्यांच्या नावापुढं लिहून ठेवा." आणि बसायला गेलो तर खुर्ची सापडेना.

तसाच उभा राहिलो. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून भवानीबाई, माईक नाही काही नाही, ओरडून म्हणते, "आमाला समद्यांना ठाऊक होतं रे!"

मी तिच्याकडे वळलो तर म्हातारी पुढं सांगतेच आहे.

"उसवायला बसलो तवा मास्तर येऊन सांगून गेलेले. पोराला कोणी काय बोलू नका. हात चांगला हाय त्याचा. आता भ्याला तर कात्री सुटंल त्याची. म्हणून आमी गप. तू तरी इतका उशीर लावशील असं कुठं वाटलेलं!"

हॉल हसला. मी रडलो, उभ्याउभ्या, तोंड न लपवता. सगळ्या गल्लीनं त्रेसष्ट वर्षं माझी चूक सांभाळली, खंडोजी, आणि मी समजत होतो की मीच लपवतोय. एकशे वीस कोट शिवणारी गल्ली मोठी, का माझ्यासाठी तोंड मिटून ठेवणारी मोठी, मला सांगता येत नाही. दोन्हीचा अभिमान आहे. आणि त्या माणसाचा, ज्याचा मी मुलगा आहे, त्याचा इतका आहे की पुरा लिहिता येत नाही.

मला वाटलं कार्यक्रम झाला. पण यशस्विनी आणि सौम्या एकमेकींकडे बघून मान हलवतात आणि पडद्यावर तू!

नंतर सौम्यानं सांगितलं. त्या महिन्यापूर्वीच येलवालला येऊन तुला रेकॉर्ड करून गेल्या होत्या, आणि तू अट घातली होतीस: "मनोहर आपल्या तोंडानं बोलला तरच लावा. नाही बोलला तर पुसून टाका, आणि त्याला कळू देऊ नका." म्हणजे माझं पत्र मिळाल्यावरसुद्धा तुला कागद पुरला नाही. शिपायाची जात!

तू किती वाळलायस रे. ओळखलं ते भुवयांवरून. तू वर हिमालयातली थंडी सांगितलीस, तुझ्याशेजारी झोपले आणि सकाळी उठले नाहीत त्यांची नावं सांगितलीस, सातच्या सात, न अडखळता. तेव्हा हॉलमध्ये बायका उभ्या राहिल्या, मग पुरुष, आणि नावं संपेपर्यंत सगळे उभे होते. हे तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून लिहितोय.

मग तू म्हणालास, "कोट आवळ झाला त्याचा राग नव्हता मला. बूट धड नव्हते, काहीच धड नव्हतं. घरनं आलेला तेवढा एकच कोट. रात्री पांघरूण म्हणून घेतला तो. राग ह्याचा, की बाप उभा राहतोय आणि हा मशीन चालवतोय." आणि आतला खिसा उलटा करून कॅमेऱ्यासमोर धरलास. लाल धाग्याचे दोन टाके. म्हणजे पायरीवर उभा राहून विचारलंस तेव्हाही तुला ठाऊक होतं. तू उत्तर मागतच नव्हतास, तू मला बोलायची जागा करून देत होतास.

आणि मग तू उठलास. सौम्यानं धरलं. आत दोन स्वेटर होते, तू मुद्दाम गळ्याशी ओढून दाखवलेस, एक निळा, एक राखी. त्यावर कोट चढवलास. पहिलं बटण लावलंस. दुसरं लावलंस. बोटं चालत नव्हती, सौम्या पुढं झाली तर तिला ढकललंस. चारही बटणं लावलीस आणि हात खाली सोडून उभा राहिलास.

"बघ मनोहर," म्हणालास. "लागलं."

टाळ्या किती वाजल्या ते सांगत नाही, तुझं डोकं फिरेल. स्टेशनवरच्यापेक्षा जास्त, एवढंच. पण मी टाळ्या वाजवत नव्हतो. मी पडदा बघत होतो. खांदा अजून सरळ आहे. कॉलर बसलीय. पाठीत एक सुरकुती नाही. पण वरून तिसऱ्या बटणाचा धागा सैल झालाय, तू हात खाली सोडलास तेव्हा ते लोंबलं. येलवालच्या कुठल्या टेलरच्या हाती देऊ नकोस. सौम्यालाही सुई लावू देऊ नकोस.

रविवारी सकाळच्या बसनं येतो. धागा माझा मी आणतो.

मनोहर